कैरीने गेलेला निळा डाग

आई, मी मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. तुझ्या वेळी इथे पावसाळ्यासाठी भरलेलं आगोटीचं सामान असायचं: खड्या मिठाची बरणी, कुळीथ, आमसुलं, आणि पत्र्याच्या डब्यात हर्ण्याच्या मामाने कोळंबी सोलून, वाळवून पाठवलेले सोडे. डबा उघडला की वास माजघरापर्यंत यायचा आणि तू म्हणायचीस, आता पाऊस कितीही पडू दे. आता इथे माझी गादी आहे, एक खुर्ची आणि पाण्याचा तांब्या. दार लोटलेलं असतं. काकी ताट बाहेर पायरीवर ठेवते, चार पावलं मागे जाते आणि ओरडते, "घे गो आता." मी ताट आत घेते. तुझी जाऊ आयुष्यात कधी कुणापासून लांब उभी राहिलेली नाही, तिला हे जमत नाही. ताट ठेवताना ती मान वळवते, जणू मी नाहीच आहे, आणि मग लगेच वळून बघते.

माझ्या गळ्यात गाठ निघाली होती. घाबरू नकोस, असं लिहायला हात उचलतो, पण तुला घाबरवायचं आता राहिलंय काय. कर्करोगच, पण डॉक्टरांच्या भाषेत वाईटातला बरा. थंडीत शस्त्रक्रिया करून थायरॉइडची ग्रंथी काढून टाकली. तिचे काही कण मागे राहिले असतील तर ते जाळायला नंतर औषध द्यायचं असतं, आणि ते औषध कोणतं, तर आयोडीन. किरणोत्सर्गी आयोडीन, कॅप्सूलमध्ये. मी ऐकलं आणि डॉक्टरांसमोर चक्क हसले. त्यांना वाटलं, मला भीती वाटते आहे. भीती होतीच. पण मला एकदम तुझा दोरीवरचा पांढरा ॲप्रन दिसला.

तुला आठवतं ना? मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रयोगशाळेसाठी तू ॲप्रन शिवून दिला होतास, बाबांच्या न वापरलेल्या धोतराच्या पानाचा. "दुकानातला घेऊन काय करायचाय, यात वारा तरी लागेल." आणि प्रत्येक धुण्याला तू त्याला पेजेची खळ करायचीस, इतकी कडक की मी वर्गात बसले की कागद चुरगळल्यासारखा आवाज व्हायचा आणि मुली मागून हसायच्या. एके दिवशी आयोडीनच्या द्रावणाची बाटली उघडताना चार थेंब पोटावर सांडले. तपकिरी द्रावण, पण कापडावर पडल्यापडल्या निळंकाळं झालं. शाईपेक्षा काळं. मी घरी आले ती बॅग पोटाशी धरून. तू धोतराचं पान परत मिळणार नाही याच्यावर सुरू झालीस. मी म्हटलं, आई, आयोडीनची चूक नाही, तुझ्या पेजेची आहे. भाताच्या पेजेत स्टार्च असतो, स्टार्चला आयोडीन भेटलं की असाच रंग होतो. नुसत्या कापडावर पिवळट डाग पडला असता, उडून पण गेला असता.

"म्हणजे मीच चुकले," तू म्हणालीस. "मुलीचा ॲप्रन कडक केला, हा माझा गुन्हा."

साबणाने डाग गेला नाही. मग तू नेहमीचं केलंस. आवारातली खाली पडलेली कैरी उचललीस, विळीवर अर्धी केलीस आणि डागावर घासायला लागलीस. तू सगळ्याच डागांवर कैरी घासायचीस. हळदीचा डाग साबणाने लाल व्हायचा, कैरीने तो परत पिवळा व्हायचा आणि तेवढ्यावर तू समाधान मानायचीस. मला ठाऊक होतं, काही होणार नाही. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो निळाकाळा डाग गेला. फिका झाला नाही, आई, गेला. जिथे फोड फिरेल तिथे पांढरं. तू फोड उचलून बघितलीस, हातात काही आलंय का, निळं काही लागलंय का. काही नाही.

"कुठे गेलं गो?"

मग लक्षात आलं, कैरीतलं क जीवनसत्त्व. आयोडीनला एक इलेक्ट्रॉन कमी असतो, तो कुणाकडून तरी घ्यायला ते टपलेलं असतं. क जीवनसत्त्व सहज देऊन टाकतं. मिळालं की आयोडीन शांत होतं, त्याचा रंग जातो, पेजेशी त्याचं काही नातं उरत नाही. ते तिथेच आहे, फक्त दिसत नाही. तू हे सगळं ऐकलंस, कैरी हातात तशीच, आणि म्हणालीस, "परत कर."

मी दुसऱ्या दिवशी छोट्या बाटलीत थोडं आयोडीन घेऊन आले. सरांना विचारून आणलं होतं, हे आजही लिहावंसं वाटतं. ओट्यावर बशीत पेज, त्यात एक थेंब, निळं. कैरीचा रस, गेलं. "परत." लिंबू, गेलं. "आता आमसूल घाल." आमसुलाने जाईना, उलट लालजांभळं काहीतरी भयंकर झालं आणि तू हात झटकलेस, "हे आपल्यातलं नाय." आवळ्याचं लोणचं काढलंस, त्याने मात्र जरा गेलं. त्या दिवशी भात करपला. बाबा जेवताना करपलेला भात बाजूला काढत राहिले, आणि तू माझ्याकडे बघून ओठ दाबून हसत होतीस. तुला इतकं पोरीसारखं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतर पाहिलं का, ते आठवायचा प्रयत्न करते आहे.

त्याच आठवड्यात कधीतरी, तू मासळी साफ करत असताना, मी तुला ते अख्खं घराणं सांगितलं. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. सगळ्यांना एकेक इलेक्ट्रॉन कमी. फ्लोरीन इतकं उतावळं की समोर येईल त्याला धरतं, काचेलासुद्धा सोडत नाही. क्लोरीन म्हणजे आपल्या विहिरीत पावडर टाकतात त्यातला वास, तेही तापटच. ब्रोमीन जरा बरं. आणि आयोडीन सगळ्यांत मोठं, सगळ्यांत सावकाश. नुसतं उघडं ठेवलं तरी भांडत नाही, जांभळी वाफ होऊन हळूच निघून जातं. तू बांगड्याचं पोट साफ करत होतीस. त्या दिवसांत घरात माझ्या लग्नाचा विषय होता आणि मी प्रत्येक स्थळाला थांबा म्हणत होते.

"चौघांना एकेकच कमी?"

"होय."

"आणि हा धाकटा मुद्दाम बसून राहतो?"

"धाकटा नाही आई, सगळ्यांत जड."

"मग तुझ्यावर गेलाय," तू म्हणालीस. "कुणी बोलवायला आलं तर वाफ होऊन जातंस."

मी लग्न केलं ते तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. हे जहाजावर असतात. मुलगी आहे, आता पाचवीत गेली. तुझ्यासारखी ओठ दाबून हसते. तिला तू माहीत आहेस ती तुझ्या फणसाच्या भाजीमुळे, त्या भाजीकडे येतेच आहे.

मी मिरजोळ्याला आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. तुला सांगितलं असतं तर तुझा विश्वास बसला नसता, पण मी तिथे रोज काय करते, तर तुझी कैरी आणि तुझी पेज. आंब्याच्या रसात क जीवनसत्त्व किती, हे मोजायला त्यात थोडा स्टार्च घालतात आणि लांब काचेच्या नळीतून आयोडीनचा थेंब थेंब सोडतात. थेंब पडतो, निळा ढग उठतो, ढवळलं की विरतो. जोवर देणारं कुणी शिल्लक आहे तोवर निळं टिकत नाही. ते संपलं की पुढचा एकच थेंब सगळं भांडं निळं करतो आणि तो रंग जात नाही. तिथे थांबायचं. हात घसरून एक थेंब जास्त पडला की ते मोजमाप टाकून मी नव्याने करते. नव्या मुली म्हणतात, "मॅडम, एका थेंबानं काय होतंय?" मी त्यांच्या हातात भांडं धुवायला देते. माझा हा स्वभाव तुला त्रासाचा वाटायचा. बाजारातून येताना दुकानदाराने जास्त दिलेल्या चार मिरच्याही परत करायला मी तुला मागे फिरवलं होतं.

तर ते औषध. माझं कामच असं की मला त्यातलं विज्ञान डॉक्टरांनी अर्धं सांगताच कळलं. थायरॉइडच्या पेशी अंगातलं आयोडीन वेचून घेतात. हे आयोडीन साधं की किरणोत्सर्गी, त्यांना भेद कळत नाही, रसायन म्हणून दोन्ही एकच. म्हणून आधी त्यांना उपाशी ठेवायचं. दोनेक आठवडे आयोडीन पोटात जाऊ द्यायचं नाही, मग कॅप्सूल दिली की भुकेल्या पेशी ते विष अधाशासारखं घेतात आणि त्यानेच मरतात. आधीच पोट भरलेलं असेल तर औषध वाया. म्हणजे मासे बंद. पाकिटातलं मीठ बंद. अंडी, दूध, बेकरीचं बंद. मी विचारलं, खडं मीठ? कारण मला लहानपणी शाळेतून दिलेली ती बाटली आठवली. मिठावर थेंब टाकून आयोडीन आहे का बघायचं. पाकिटातलं मीठ जांभळं झालं, तुझ्या बरणीतलं पांढरंच राहिलं. मी तुझ्यावर ओरडले होते की तुझं मीठ निकामी आहे. तू दोन्ही मिठं बोटाने चाखून म्हणालीस, "माझं स्वच्छ आहे. डाग तुझ्याला पडलाय. आणि मासळी कशाला खातो मग आपण, समुद्राचं औषध दुकानातून आणायला?" तू बरोबर होतीस, म्हणजे निम्मी. समुद्राच्या मिठात ते फारसं उरत नाही, मासळीत मात्र साठतं. डॉक्टर म्हणाले, खडं मीठही नकोच, कुठलं असेल काय सांगावं, आम्ही बिनआयोडीनचं देतो. एक पिशवी दिली.

त्याच काळात, ग्रंथी काढल्यापासून रोज घ्यायची थायरॉइडची गोळीही बंद केलेली असते. आई, तू मला बघितलं असतंस तर रडली असतीस. वैशाख, सगळं गाव घामाने निथळतंय आणि मी शाल घेऊन बसलेली. आवाज घोगरा. जिना चढताना मध्ये थांबायचं. शब्द आठवायला वेळ लागायचा. ह्यांनी रजा काढली होती, औषधाला कोल्हापूरला मला घेऊन जाणार आणि मग लगेच जहाजावर जाणार, सगळं तारखेला बांधलेलं. स्वयंपाक काकीने हातात घेतला. ती पिशवीतलं मीठ वेगळ्या डब्यात ठेवायची, वेगळ्या चमच्याने घ्यायची, मुलीला त्या डब्याला हात लावू द्यायची नाही. माझ्यासाठी मासळीचा तवासुद्धा वापरायची नाही. मी काही खात नव्हते. भात, आमटी, दुधी. दोन घास आणि पुरे. काकी समोर बसून बघायची. "बाय, असं कसं चालंल? आवाज गेला, आता तूच जाशील."

निघायला दोन दिवस असताना तिने फणसाची भाजी केली. कोवळ्या फणसाची, कुयरीची, तुझ्या पद्धतीची. मी पोटभर जेवले. घरातले सगळे बघत राहिले. मुलगी म्हणाली, "आई आज जेवली!" आणि काकीचा चेहरा असा फुलला, सांगता येत नाही. जेवल्यावर मी ताट ठेवायला तिच्या स्वयंपाकघरात गेले, तर पाट्यावर गुलाबी चुरा आणि शेजारी सोड्यांचा डबा, झाकण उघडं.

"काकी, सोडे घातलेस?"

"चिमूटभर गो. भाजून, चुरून. तुझी आई घालायची तसे. चवीला."

"काकी, मासे बंद आहेत ना मला."

तिच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. "सोडे म्हणजे मासे काय? मासे कुठे दिले मी? मसाला तो. मीठ तर पिशवीतलंच घातलं, देवाशप्पथ."

आणि आई, खरंच, आपल्याकडे सोडे मासे कधी होते? सोमवारी, चतुर्थीला नसायचे एवढंच. एरवी वांग्यात, शेंगांत, कैरीत चिमूटभर पडायचेच, आणि कुणी विचारलं की आज काय केलंयस, तर तू म्हणायचीस, काही नाही, नुसती भाजी. तुझी तर रीतच होती, तव्यावर भाजून पाट्यावर पूड करायची, म्हणजे बाबांना दिसायची नाही आणि चव मात्र यायची.

मी डॉक्टरांना फोन केला. घरात सगळे म्हणत होते नको करू, चिमटीने काय होतंय, ह्यांची रजा संपते आहे. मी केला. एरवी चाललं असतंही कदाचित, डॉक्टर म्हणाले, पण औषध एकदाच द्यायचं असतं, ते वाया गेलेलं मला आवडणार नाही, पुढे ढकलू. म्हणजे आणखी दोनेक आठवडे ती शाल, तो घोगरा आवाज. हे जहाजावर गेले. माझ्याबरोबर कोल्हापूरला काकी आली, एसटीने, पूर्ण वाटेत काही न खाता. कॅप्सूल गिळून येताना भाड्याची गाडी केली, कारण आता मीच धोका होते. काकी ड्रायव्हरशेजारी, मी मागे कोपऱ्यात. हातखंब्याला चहाला थांबलो तर तिने कप पकडून हात खिडकीतून इतका लांब केला की चहा तिच्याच मनगटावर सांडला.

आणि तिने काय केलं ते तुला सांगायलाच हवं. फोन झाला त्या संध्याकाळी तिने वर्षाचे सगळे सोडे, सुके बांगडे, जवळा, आगोटीला भरलेलं सगळं, शेजारच्या घरांत वाटून टाकलं. डबा उन्हात उपडा घातला. म्हणाली, हिचं सगळं नीट झाल्याशिवाय माझ्या घरात वास येणार नाही. पावसात काय खाणार गो, मी विचारलं. "भात आहे की," ती म्हणाली. परवा जोराचा पाऊस लागला होता. तिच्या स्वयंपाकघरातून नुसत्या कुळथाचा वास येत होता. काल मुलगी खिडकीशी येऊन, ठरवून दिलेल्या पायरीच्या मागे उभी राहून म्हणाली, "आई, काकीआजी देवाला सांगत होती, माझ्या हातून झालं म्हणून." मुलीची शाळा सुरू झाली, मी तिला नव्या वर्गात सोडायला गेले नाही, त्याचाही दोष काकीने स्वतःकडे घेतला आहे.

मी इथे बसून आयोडीनचा विचार करते. आठेक दिवसांत निम्मं होतं, पुढच्या आठ दिवसांत त्याच्या निम्मं. घामातून, लघवीतून जातं. दिसत नाही, वास नाही, मी हात लावते ती प्रत्येक वस्तू थोडी तशी होते, हा कागदही. हा बाहेर द्यायचा नाही, आणि तुला तर पोचायचाच नाही, त्यामुळे इथे खरं लिहायला हरकत नसावी.

डॉक्टरांना मी फोनवर सांगितलं होतं, "नकळत खाल्लं गेलं." ते म्हणाले, हो, होतं असं. तो एक शब्द या खोलीत आल्यापासून चार दिवस मला टोचतो आहे. मी इथे वरतीसुद्धा तसंच लिहिलं, की पाट्यावरचा चुरा बघितला आणि विचारलं, जणू तेव्हाच कळलं. मी मागे जाऊन ते खोडणार होते, पण राहू दे, माणूस कसं लिहून जातो ते तुला दिसू दे.

पहिल्याच घासाला कळलं होतं, आई. जीभ बधिर झाली होती, कितीतरी दिवस कशालाच चव नव्हती, आणि तो घास तोंडात गेला आणि तू ओट्याशी उभी होतीस. मनाशी म्हटलं, नसेल, काकी कशाला घालेल. पण रोज थेंब मोजणारी बाई मी, निळं झालेलं मला दिसतं. मी थांबले नाही. मला माझ्या गाठीची आठवणही राहिली नव्हती. उद्या सकाळी ती ताट घेऊन आली की दाराआडून तिला हे सांगेन. तिने चार शिव्या घातल्या तर बरं वाटेल, आणि डबा पुन्हा भरला तर त्याहून. सांगायला मुख्य एवढंच आहे, की त्या दिवशी तिने विचारलं होतं, "अजून घालू काय गो?" आणि मी ताट पुढे केलं होतं.